सफाई करूनही हिरड्या लालभडकच? टूथपेस्टही असू शकते कारण. काय आहे 'प्लाझ्मा सेल जिंजिवायटिस'?

मारेगाव : ब्रश लावताच हिरड्यांतून रक्त, तिखट खाल्ले की आग. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दातही साफ करून घेतले, तरी लाली हटत नाही. हिरड्या सुजण्यामागे बहुतेकदा दातांवरचे किटण असते आणि सफाईनंतर त्या पूर्ववत होतात. तसे झाले नाही, तर 'प्लाझ्मा सेल जिंजिवायटिस' या दुर्मीळ आजाराची शक्यता तपासावी लागते.

नेमका आजार काय?

प्लाझ्मा पेशी म्हणजे शरीरात प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशी. बहुधा एखाद्या पदार्थाच्या ॲलर्जीमुळे त्या हिरड्यांत दाटीने जमा होतात. हिरडी लालभडक आणि फुगलेली दिसते. लाली दाताच्या कडेपुरती न राहता हिरडीच्या पूर्ण पट्ट्यावर पसरते. काहींचे ओठ आणि जीभही सुजते. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

ॲलर्जी कशाची?

१९७० च्या सुमारास अमेरिकेत असे रुग्ण वाढले, तेव्हा संशय च्युइंगममधील घटकांवर गेला. पुढे दालचिनी, पुदिना, लाल मिरची आणि हर्बल टूथपेस्ट यांच्याशी संबंध असलेले रुग्णही नोंदवले गेले. गोम अशी, की हिरड्या दुखू लागल्या की अनेक जण लवंग-पुदिन्याची 'कडक' पेस्ट आणतात. कारण तेच असेल, तर त्रास वाढतो.

निदान कसे होते?

केवळ पाहून खात्री होत नाही. ब्लड कॅन्सरमध्येही हिरड्या सुजतात आणि रक्त येते, म्हणून सीबीसी ही रक्ततपासणी महत्त्वाची. त्यानंतर जागा बधिर करून हिरडीचा लहान तुकडा बायोप्सीसाठी घेतात. पेम्फिगस, लायकेन प्लॅनस यांसारखे आजार आणि प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर नाही ना, हेही त्यातून तपासले जाते.

उपचार काय?

- संशयित पेस्ट, माउथवॉश, च्युइंगम, मसाले डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करणे.
- काय खाल्ले आणि कधी आग झाली, याची रोज नोंद ठेवणे.
- सौम्य, विनासुगंध पेस्ट आणि मऊ ब्रश वापरणे.
- किटण काढून घेणे.
- गरजेनुसार स्टेरॉइडचे मलम. ते मनाने लावू नये. तोंडात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

कारण सापडले आणि ते टाळले, तर हिरड्या बऱ्या होतात. सगळ्यांचे कारण सापडतेच असे नाही. त्यांना अधूनमधून तपासणी करावी लागते.

जायचे कुठे?

सुरुवात जवळच्या दातांच्या डॉक्टरांपासून करावी. बायोप्सीची गरज पडल्यास मारेगाव परिसरातील रुग्णांसाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय किंवा वर्ध्याजवळील सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालय हे पर्याय आहेत. जाताना वापरातली पेस्ट, मंजन आणि आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात.

हे दुर्लक्षित करू नका

हिरड्यांसोबत ताप, अशक्तपणा, अंगावर निळे डाग किंवा वजन घटत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. खर्रा, तंबाखू किंवा मिश्रीची सवय असणाऱ्यांच्या तोंडातील लाल-पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर कॅन्सरची तपासणी आधी करून घ्यावी.