लॅटव्हियाच्या कादंबऱ्यांमध्ये देव कुठे सापडतो?

लॅटव्हिया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश. लोकसंख्या 20 लाखांहूनही कमी. इथल्या आजच्या कादंबऱ्यांमध्ये धर्म प्रवचनासारखा येत नाही. तो पात्रांच्या नावांत आणि आईच्या दुधातही सापडतो. असं का?

आधी थोडा इतिहास

13व्या शतकात जर्मन धर्मयोद्ध्यांनी तलवारीच्या जोरावर इथे ख्रिस्ती धर्म आणला. जुन्या देवता मात्र लोकगीतांत टिकून राहिल्या. आपल्याकडच्या सटवाईसारखी बाळाचं नशीब ठरवणारी लाइमा ही त्यातलीच एक. पुढे देशाचा बराच भाग लुथरन झाला, पूर्वेकडचा लाटगाले प्रांत मुख्यतः कॅथलिक राहिला.

सोव्हिएत राजवटीत धर्मावर बंधनं आली. रिगामधल्या ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलचं तर चक्क तारांगण झालं. देशासाठी देवाचा आशीर्वाद मागणाऱ्या राष्ट्रगीतावरही बंदी होती. म्हणजे जो धर्म एकेकाळी परक्या सत्तेने लादला, तोच पुढे दुसऱ्या परक्या सत्तेला विरोध करण्याचा मार्ग बनला.

दूध नाकारणारी आई

नोरा इक्स्तेना यांची 2015 मधली कादंबरी 'मातेस पिएन्स', म्हणजे 'आईचं दूध'. इंग्रजीत ती 'सोव्हिएत मिल्क' नावाने आली. तिची नायिका स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सोव्हिएत व्यवस्थेत तिची घुसमट होते. ही कटुता लेकीत उतरू नये म्हणून ती तिला अंगावर पाजतच नाही. बाळ येशूला पाजणारी मेरी ही ख्रिस्ती कलेतली जुनी प्रतिमा. इथे ती उलटी झालेली दिसते: दूध न देणं हेच आईचं प्रेम.

ही डॉक्टर ज्या स्त्रीला मूल होण्यासाठी मदत करते, तिचं नाव सेराफिमा. हे नाव बायबलमधल्या सेराफिम या स्वर्गीय दूतांवरून आलंय. चर्चचं नाव न घेताही बायबल असं कथेत शिरतं.

देव मोठा की चर्च?

इंगा आबेले यांची 'क्लूगू मूक्स' (2014) लाटगालेचे कॅथलिक धर्मगुरू आणि राजकारणी फ्रान्सिस त्रासुन्स (1864-1926) यांच्या आयुष्यावर बेतलेली आहे. 1917 मध्ये लाटगाले लॅटव्हियाला जोडण्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. पुढे चर्चनेच त्यांना बहिष्कृत केलं. इथे संघर्ष श्रद्धा आणि नास्तिकतेचा नाही. तो एका श्रद्धावान माणसाचा आणि त्याच्याच धर्मसंस्थेचा आहे.

थोडक्यात काय?

एका कादंबरीत सत्ता देवाला हद्दपार करते, दुसरीत देवाच्या नावाने चालणारी संस्था आपल्याच माणसाला. दोन्हीकडे प्रश्न एकच: सदसद्विवेक जपायचा असेल, तर माणसाने कोणाचं ऐकायचं?