डोंगराच्या पोटातली सायडिंग

संपादकांनी धाडलं होतं ते फ्लॉरेन्सच्या छत्रीवर लिहायला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 1870 साली तिथे वारले, ऐन विशीत. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला आणि आज तिथे त्यांचं स्मारक उभं आहे. त्यावर लिहीनच. पण बोलोन्याहून फ्लॉरेन्सला जाणारी रेल्वे डोक्यातून जाईना, तेव्हा आधी ती.

दोन शहरांमध्ये अपेनाइन्सची रांग आडवी पडलेली. तिच्यातून दीडशे वर्षांत तीन वेगवेगळे लोहमार्ग काढले गेले. पहिला 1864चा, पिस्तोयावरून जाणारा पोरेत्ताना. प्रोत्श नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने 47 बोगदे पाडून गाडी 600 मीटरच्या वर चढवली. चढ साधारण 38 मीटरला एक मीटर. आपला बोरघाट आदल्याच वर्षी सुरू झाला, त्याचा चढ 37ला एक. म्हणजे कर्जतला गाडीमागे ढकलायला बँकर इंजिन लागलेलं ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. वाफेच्या इंजिनांचा धूर बोगद्यांत कोंडायचा आणि ड्रायव्हर-फायरमन गुदमरायचे. प्राकियाच्या बोगद्याच्या तोंडाशी पंखा बसवून आत हवा फुंकायची युक्ती साक्कार्दो या इंजिनिअरने इथेच करून दाखवली.

दुसरा मार्ग दिरेत्तिस्सिमा, 1934चा. माझा जीव अडकला तो याच्यात. घाट चढण्याऐवजी डोंगर खालूनच पोखरायचा ठरलं. मुख्य बोगदा 18.5 किलोमीटरचा, त्या काळी लांबीत फक्त सिम्प्लॉनच्या मागे. पण दुहेरी मार्ग असला तरी एवढ्या लांब बोगद्यात मालगाडी शिरली की मागची एक्स्प्रेस तिच्या चालीनेच रखडणार. मग इंजिनिअरांनी बोगद्याच्या मध्यावर, डोंगराच्या पोटातच, एक स्टेशन कोरलं: प्रेचेदेन्झे. मुख्य रुळांच्या दोन्ही अंगांना वळून जाणाऱ्या लूप लाइनी, त्यांना वेगळे बोगदे. मालगाडी बाजूच्या अंधारात जाऊन उभी राहायची, एक्स्प्रेस धडधडत पुढे निघायची आणि मग सिग्नल मिळाला की मालगाडी पुन्हा हलायची. इथे नेमणूक असलेल्या रेल्वेवाल्यांना वर का' दी लांदिनो या वस्तीकडे जायचं तर तिरक्या विहिरीतला जिना. पायऱ्या 1863! खोदकामाच्या वेळी मधूनही काम सुरू करता यावं म्हणून या विहिरी पाडल्या होत्या. काम संपल्यावर त्याच ये-जा करायला उपयोगी पडल्या. ड्यूटी संपली म्हणजे घरी पोचलो असं मुळीच नाही, डोंगर चढणं बाकीच. वेगाचं कौतुक करणाऱ्या पुस्तिकांत हा जिना एखाद्या ओळीत आटपतात. मला मात्र 1934च्या त्या सगळ्या झोकापेक्षा बाजूला घेतलेली मालगाडी जास्त हुशारीची वाटते.

स्टेशन बंद होऊन कित्येक वर्षं झाली. बोगदा चालू आहे. सान बेनेदेत्तोच्या छोट्या स्टेशनातून पुढे गाडी आत शिरते, खिडकीत आपलाच चेहरा दिसतो, कानात दडे बसतात आणि पलीकडच्या वेर्नियोपर्यंत दुसरं काही घडत नाही.

घडू नये हेच बरं. खोदताना पाणी फुटायचं, मिथेन पेट घ्यायचा, मजूर मेले. 1944 साली माघार घेणाऱ्या जर्मनांनी मार्ग उद्ध्वस्त केला. 4 ऑगस्ट 1974च्या रात्री रोम-म्युनिक ‘इतालिकुस’ एक्स्प्रेस बोगद्यातून बाहेर पडत असतानाच बॉम्ब फुटला, 12 जण गेले. त्यातला एक सिल्वेर सिरोत्ती, गाडीवरचा रेल्वे कर्मचारी, वय 24. तो बचावला होता. हातात अग्निशामक घेऊन तो जळत्या डब्यात परत शिरला आणि आलाच नाही. पुढे 1984च्या नाताळच्या तोंडावर बॉम्ब फुटला तो थेट बोगद्यात. गाडी सणासाठी घरी निघालेल्या माणसांनी भरलेली. तारा तुटलेल्या, धूर कोंडलेला, मदत पोचायला वाट एकच.

तिसरा मार्ग 2009चा, अतिवेगवान गाड्यांचा. सुमारे 78 किलोमीटर, त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक बोगद्यांत. प्रवास अर्ध्या तासावर थोडा. या बोगद्यांनी मुजेल्लो खोऱ्यातलं भूजल ओढून घेतलं, झरे आणि ओढे आटले, प्रकरण कोर्टात गेलं. प्रवाशाला याचा पत्ता लागत नाही, कारण त्याला मुजेल्लो दिसतच नाही. एवढं करून वेगाची गाडी फ्लॉरेन्सला पोचते ती सांता मारिया नोवेल्लात, जिथे रूळच संपतात. पुढे रोमला जायचं तर आल्या तोंडानेच मागे निघायचं. हे टाळायला शहराखालून आणखी बोगदे आणि जमिनीखालचं स्टेशन बांधायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळत चाललं आहे.

तुम्ही गेलात तर प्रातोमार्गे जाणारी साधी ‘रेजोनाले’ धरा. वेळ दुपटीहून जास्त लागतो, तिकीट मात्र स्वस्त. कागदी तिकिटावर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. पुलावरून दरी दिसेल, सान बेनेदेत्तोला गाडी थांबेल, आणि बोगद्यात शिरल्यावर अर्धं अंतर कापलंत की बाजूच्या भिंतीकडे लक्ष ठेवा. लूप लाइनीची तोंडं तिथेच.