गावे पाच, पाइपलाइन एक



आपल्या कार्यक्षेत्रात प्रत्येक गावाची ग्रामपंचायत निराळी. पण रस्ता, ओढा, आठवड्याचा बाजार आणि पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन काही गावच्या शिवेवर थांबत नाही. अशी सामाईक कामे पंचायतींनी मिळून कशी करावीत, याची थोडी माहिती या अंकात देत आहोत.

याची सोय १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातच आहे. दोन किंवा अधिक पंचायतींना आपापल्या सदस्यांतून संयुक्त समिती नेमता येते. जरूर तर जिल्हा परिषद, पंचायत समिती किंवा नगरपालिकाही तीत सामील होऊ शकते. सामाईक काम कसे उभारायचे आणि पुढे त्याची देखभाल कोणी करायची, याच्या अटी ठरविण्याचे काम या समितीकडे सोपविता येते. मात्र समिती म्हणजे पंचायतींच्या डोक्यावर बसविलेली दुसरी पंचायत नव्हे. ठरावाने जेवढा अधिकार दिला, तेवढाच तिचा.

आता पाण्याचेच उदाहरण घेऊ. समजा, नदीवरून पाच गावांची एक योजना आहे आणि महिन्याचे वीजबिल एक लाख रुपये येते. वापराप्रमाणे गावांचे वाटे ३०, २५, २०, १५ आणि १० हजार. चार गावांनी वेळेवर पैसे भरले, पण ३० हजारांच्या गावाने हात वर केले. जमा झाले ७० हजार. पंपाचे वीजकनेक्शन मात्र एकच! ते तुटले की पैसे भरलेल्या चार गावांच्या बायामाणसांनाही हंडे घेऊन विहिरीवर जावे लागते. पुढच्या महिन्यात तीही गावे म्हणतात, “मग आम्हीच का भरायचे?” योजना बंद पडते ती अशी. त्यात मोटारीचा दोष नसतो, हिशेबाचा असतो.

यावर उपाय साधे आहेत. मात्र ते पहिल्याच दिवशी लेखी ठरवावे लागतात.

पहिला, प्रत्येक गावाच्या तोंडाशी मीटर हवा. काट्यावर वजन झाल्याशिवाय आपण उसाचे बिल मानत नाही, तसेच हे. दुसरा, प्रत्येक पंचायतीने दोन महिन्यांची रक्कम अनामत ठेवावी, म्हणजे एकाची थकबाकी सर्वांना भोवणार नाही. तिसरा, जमाखर्च दर ग्रामसभेत वाचून दाखवावा. चौथा, अध्यक्षपद गावांमध्ये फिरते ठेवावे, म्हणजे लहान गावालाही योजना आपली वाटेल.

याहून मोठ्या कामांसाठी वरची पायरी आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आली. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये कायदा केला. पंचायती आणि नगरपालिकांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा तयार करणे, हे तिचे काम. त्यात पाण्याच्या वाटपासारख्या सामाईक प्रश्नांचा विचार करावा, असे घटनेतच म्हटले आहे. पण गावांनी आधी आपसांत एकमताने मागणी केली असेल, तर तिला तेथे वजन येते. पाच गावांचे पाच अर्ज गेले तर ते एकमेकांनाच अडवितात.

गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. पाच गावांनी मिळून काय होते, हे आपल्या सभासदांना निराळे सांगायला नको. एकेकट्याच्या उसावर साखर कारखाना उभा राहिला नसता. येत्या ग्रामसभेत आपल्या योजनेचा जमाखर्च जरूर मागावा, एवढीच विनंती.