कॅसेटमधला आवाज मोबाईलवर कुठे गेला?

इंदूरच्या आपल्या मंडळातल्या जुन्या गणेशोत्सवांच्या कॅसेटी संगणकावर उतरवायचं काम आम्ही हाती घेतलं, हे सभासदांना ठाऊक आहेच. पहिली खेप हेडफोनवर ऐकली, ठीक वाटली. मग एका ज्येष्ठ सभासदांनी आपल्या दिवंगत पत्नीचं नाट्यगीत मोबाईलवर लावलं. तबला होता, टाळ्याही होत्या. काकूंचा आवाज मात्र जवळजवळ नव्हताच.

कॅसेट चांगली होती. डेकपासून डिजिटल कन्व्हर्टरपर्यंतच्या दोन केबलींपैकी एकीच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. डाव्या चॅनेलची लहर वर जाई, तेव्हा उजवीकडची खाली. हेडफोनवर दोन कानांना दोन लहरी वेगवेगळ्या पोहोचतात, त्यामुळे आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो, एवढंच. एकच स्पीकर असलेला मोबाईल दोन्हींची बेरीज करतो. मधोमध बसलेला गळा दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून अधिक-उणे होऊन शून्य. तबला एका माइकजवळ होता, तो उरला.

हे लगेच दाखवतो तो कोरिलेशन मीटर. दोन्ही चॅनेल अगदी एकसारखे असले तर काटा +१ वर, एकमेकांशी संबंध नसला तर ० वर, नेमके उलटे असले तर −१ वर. स्टिरिओ मैफलीत तो बहुतेक वेळ ० आणि +१ यांच्यामध्ये हलतो. टाळ्यांच्या वेळी क्षणभर शून्याखाली गेला तर घाबरू नये. गाणं चालू असताना −१ कडे चिकटला तर टेप थांबवावी. मोनो कॅसेट +१ वर स्थिर न राहता खाली डुलत असेल, तर डेकचं हेड तिरपं असण्याची शक्यता मोठी. एक बाजू बंद असली तरी काटा ० वरच राहतो, म्हणून शेजारचे लेव्हल मीटरही पाहावेत.

आम्हाला फसवलं ते हिरव्या दिव्याने. डिजिटल केबलमधून जाणाऱ्या प्रत्येक नमुन्यासोबत एक व्हॅलिडिटी बिट असतो: ० म्हणजे घ्या, १ म्हणजे घेऊ नका. शिवाय घेणारं यंत्र पाठवणाऱ्याच्या घड्याळाशी जुळलं की ‘लॉक’ दाखवतं. दोन्ही ठीक होतं! पण यातून कळतं ते एवढंच की नमुना धड पोहोचला. आत काय आहे, हे तो दिवा पाहत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचं मुद्रण ४८,००० समजून वाजवलं, तरी प्रत्येक नमुना ‘वैध’च असतो, काळी एकमध्ये गायलेलं पद मात्र पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये जाऊन बसतं, आणि लयही चढते.

काकूंचं गाणं परत आलं. ऑडॅसिटीत स्टिरिओ ट्रॅकचे दोन भाग केले, एक उलटा केला, पुन्हा जोडले; मूळ फाइल तशीच ठेवली. केबल बदलली. आता प्रत्येक कॅसेटची पहिली दोन मिनिटं आम्ही मोनो करून एकाच स्पीकरवर ऐकतो.

कॅसेट आणून देताना डबीतली चिठ्ठी काढू नये. त्यावर गाणाऱ्याची पट्टी लिहिलेली असली, तर पेटी घेऊन ताडून पाहता येते.