सिमेंटची तालीम

स्केटबोर्ड म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेली, दोन्ही टोकांना किंचित वर उचललेली फळी. तिच्याखाली धातूचे दोन आस आणि पॉलियुरेथेनची चार टणक चाके असतात. या चाकांचा व्यास बहुधा ५० ते ५५ मिलिमीटर एवढाच असल्यामुळे, मोटारीच्या टायरला ज्याची जाणीवही होत नाही असा हरभऱ्याएवढा खडा फळीला जागच्या जागी अडवतो आणि वर उभ्या असलेल्या मुलाला पुढे भिरकावून देतो. स्केटपार्क, म्हणजे या खेळासाठी उतार, वाटीसारखे खळगे, कट्टे आणि लोखंडी दांडे घालून बांधलेले मैदान, हे त्यामुळे मुळात पृष्ठभागाचे शास्त्र आहे. आणि तो पृष्ठभाग कसा हवा हे ज्याच्या पायाला कळते त्यानेच हातात करणी धरावी, या विचारातून ‘डीआयवाय’ म्हणजे ‘आपले आपण बांधा’ या पद्धतीचे स्केटपार्क जन्माला आले.

या पद्धतीच्या मुळाशी एक जुनी अडचण आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकात व्यावसायिक स्केटपार्क मोठ्या संख्येने निघाले, परंतु अपघातांच्या भरपाईची जोखीम आणि विम्याचे वाढते हप्ते यांमुळे दशक संपता संपता त्यांपैकी बहुतेक बंद पडले, आणि खेळणारी मुले रस्त्यांवर, जिन्यांवर व रिकाम्या वाहनतळांवर आली, जिथून त्यांना हुसकावले जाऊ लागले. ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात १९९०मध्ये काही तरुणांनी बर्नसाइड पुलाच्या पूर्व टोकाखाली, कोणाचीही परवानगी न घेता, सिमेंट कालवून पहिला उतार लिंपला. पोर्टलंड हे पावसाचे शहर असल्याने डोक्यावरचे पुलाचे छप्पर हाच त्या जागेचा सर्वांत मोठा गुण होता. एका उताराला दुसरा जोडला जाऊन तेथे पूर्ण पार्क उभा राहिला, पुढे शहराच्या प्रशासनाने तो मान्यही केला, आणि तेथे हात मुरलेल्या काहींनी नंतर स्केटपार्क बांधणे हाच आपला व्यवसाय केला.

भारतात या परंपरेचे सर्वांत बोलके उदाहरण मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात, व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारच्या जनवार गावात आहे. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने तेथे २०१५मध्ये ‘जनवार कॅसल’ हा स्केटपार्क झाला. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी तो बांधला आणि बंगळूरच्या ‘होलीस्टोक्ड’ या स्केटबोर्डवाल्यांच्या गटाचा त्यात हात होता. शाळेत न जाणाऱ्याला फळी मिळणार नाही आणि फळीवर पहिला हक्क मुलींचा, हे दोन नियम तेथे घालण्यात आले, आणि एरवी एकमेकांपासून दूर राहणारी आदिवासी आणि यादव मुले एकाच उतारावर उतरली. तेथील आशा गोंड २०१८मध्ये चीनमधील नानजिंगच्या जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचली. मराठी वाचकाला हा विषय बहुधा २०२१च्या ‘स्केटर गर्ल’ या चित्रपटातून ठाऊक असेल. ‘शोले’मधला सांबा साकारणाऱ्या मॅक मोहन यांच्या कन्येने, मंजरी माकिजानी यांनी तो दिग्दर्शित केला, आणि त्यासाठी राजस्थानातील खेमपूर येथे बांधलेला पार्क चित्रीकरणानंतर गावातील मुलांसाठी राहिला. २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा हा खेळ महाराष्ट्रातही केवळ कुतूहलाचा राहिला नाही.

महाराष्ट्रात या व्यवस्थेला जवळची तुलना तालमीची आहे. आखाड्यातील लाल माती चाळणे, तिच्यात तेल, ताक, हळद मिसळणे आणि ती रोज खोदून मोकळी करणे हे काम पैलवान स्वतः करतात, आणि ज्याने माती खोदली नाही त्याला त्या मातीवर हक्क सांगता येत नाही. डीआयवाय पार्कमध्येही झाडू मारणारा, पावसाचे पाणी उपसणारा आणि भेग बुजवणारा हा खेळणाराच असतो. फरक इतकाच की चुकलेली माती उद्या पुन्हा खोदता येते, चुकलेले काँक्रीट मात्र छिन्नीनेच फोडावे लागते.

म्हणूनच या बांधकामातील कसब पाहण्यासारखे आहे. प्लायवुडवर दोरी आणि पेन्सिलीने मोठ्या वर्तुळाचा कंस काढून साचे कापले जातात; त्यांच्यामध्ये मुरूम व खडी धुमसून उताराचा गाभा केला जातो, त्यावर सळयांची जाळी बसते, आणि वरच्या कडेला ‘कोपिंग’ म्हणजे सुमारे ६० मिलिमीटर जाडीचा लोखंडी नळ असा जोडला जातो की तो काँक्रीटच्या पातळीपेक्षा काही मिलिमीटर बाहेर राहावा, कारण फळीचा आस त्यावर घासत नेणे हाच खेळातला एक मुख्य डाव असतो. नळ जास्त बाहेर आला तर चाक अडते, आत गेला तर आसाला तो सापडतच नाही. काँक्रीट घट्टसर कालवावे लागते, अन्यथा ते उतारावरून ओघळते. घरातला कोबा घोटणाऱ्या गवंड्याला हे काम निम्मे अवगत असते. उरलेले निम्मे, म्हणजे वक्र भागावर कुठेही उंचवटा न ठेवता करणी फिरवणे, त्याला फळीवरच्या मुलाकडून शिकावे लागते.

असा पार्क बांधायचा झाला, तर नागपूरहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या, छत्तीसगडमधील भिलाईसारख्या शहरात या कामाला लागणारे बहुतेक साहित्य घरचेच आहे. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. वितळलेल्या लोखंडाबरोबर झोतभट्टीतून निघणारी धातुमळी, जिला स्लॅग म्हणतात, दळून सिमेंटमध्ये मिसळली जाते. स्केटबोर्डवाल्यांच्या बोलीत ‘रेल’ म्हणजे घसरत जाण्याचा लोखंडी दांडा. ज्या गावातून २६० मीटर लांबीचे रेल्वेचे रूळ बाहेर पडतात तिथे सहा मीटरचा एक नळ मिळवणे अवघड नसावे. आखीव सेक्टरांच्या या टाउनशिपमध्ये प्रत्येक गोष्ट वरून, नकाशावरून आली आहे. खेळणाऱ्यांनी खालून बांधलेले काही तिथे यायचे असेल तर जमिनीची परवानगी आधी, तीही कारखान्याच्या व्यवस्थापनाकडून, घ्यावी लागेल, कारण बर्नसाइडसारखे दैव प्रत्येक पुलाखाली नसते.

दुसरी अडचण उन्हाची. छत्तीसगडच्या मे महिन्यात ताज्या काँक्रीटमधील पाणी तासाभरात उडू लागते आणि पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडतात. त्यामुळे हे काम हिवाळ्यात, सावली धरून आणि गोणपाट अंथरून करणे बरे. साध्या सिमेंटच्या कामावर भारतीय मानकाप्रमाणे किमान ७ दिवस, आणि स्लॅगमिश्रित सिमेंटच्या कामावर किमान १० दिवस पाणी मारावे लागते. त्या दहा दिवसांत रोज पाणी कोण मारणार, त्याचे नाव ठरल्याशिवाय सिमेंटची पहिली गोणी फोडू नये.