प्रवाही पाण्यातील एकल कनूचालन

एकल कनूचालन म्हणजे कनू ही दोन्ही टोकांना निमुळती, हलकी व अरुंद नाव एकाच व्यक्तीने एकपाती वल्ह्याने चालवणे होय. तलावाच्या स्थिर पाण्यात चालकाला मुख्यतः सरळ रेषा राखावी लागते. नदीच्या वाहत्या पाण्यात नाव आणि पाणी या दोहोंच्या गतींचा मेळ घालावा लागतो. प्रवाहाचा जोर माणसाच्या बळापेक्षा कितीतरी अधिक असतो. त्यामुळे त्याच्याशी झुंज न देता नावेचा कोन, कल आणि वेग यांच्या साहाय्याने त्याच जोराचा उपयोग करून घेणे, हे या प्रशिक्षणाचे मूळ सूत्र आहे.

पार्श्वभूमी

‘कनू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूलनिवासींच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे युरोपीय भाषांत आला. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी समाज भूर्जाच्या सालीपासून हलक्या कनू बनवत असत. पुढे फरच्या व्यापारातही अशा नावांचा मोठा वापर झाला. आधुनिक काळात कॅनडाचे चित्रपटकार व कनूचालक बिल मेसन (१९२९–१९८८) यांच्या ‘पाथ ऑफ द पॅडल’ या चित्रपटमालिकेने आणि त्याच नावाच्या पुस्तकाने हे कौशल्य सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवले.

कयाकमध्ये चालक पाय पसरून बसतो व दुपाती वल्हे वापरतो. कनूमध्ये, विशेषतः वेगवान पाण्यात, तो गुडघे टेकून बसतो. गुडघे एकमेकांपासून दूर ठेवल्याने व बैठकीचा आधार घेतल्याने शरीर नावेशी तीन ठिकाणी जोडले जाते, गुरुत्वमध्य खाली येतो आणि कमरेच्या हालचालीने नाव हवी तशी कलवता येते. उघड्या कनूच्या दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या बांधतात. त्यांच्यामुळे नावेत कमी पाणी साठते व उलटलेली नाव तरंगत राहते.

वल्ह्याचे फटके

एकाच बाजूने वल्हे मारल्यास नावेचे पुढचे टोक, म्हणजेच नाळ, विरुद्ध बाजूला वळते. दोघांच्या कनूमध्ये दुसरा चालक हे वळण सावरू शकतो; एकट्याला ते स्वतःच सावरावे लागते. त्यासाठी पुढील फटके शिकवले जातात.

• ‘जे’ फटका : फटक्याच्या अखेरीस वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून पाते नावेपासून किंचित बाहेर ढकलतात. पात्याचा मार्ग इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा दिसतो.
• ओढ फटका : पाते दूर रोवून नाव त्याच्याकडे ओढून घेतात.
• रेटा : नावेच्या कडेचा तरफेसारखा आधार घेऊन पाते बाहेर ढकलतात. वळण झटकन सावरते, परंतु नावेचा वेग थोडा कमी होतो.
• पलीकडचा फटका : हातांची पकड न बदलता, कमरेतून वळून वल्हे नाळेवरून दुसऱ्या बाजूला नेतात.
• आधार फटका : नाव कलंडू लागल्यास पाते पाण्यावर आडवे दाबून तोल सावरतात.

प्रवाहाचे वाचन

नदीच्या पात्रात पाण्याचा वेग सर्वत्र सारखा नसतो. तळाशी व काठाशी घर्षणामुळे तो कमी असतो. दोन खडकांमधून वाहणाऱ्या पाण्याची जीभ बहुधा ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची असते. तिचे टोक प्रवाहाच्या दिशेने असेल तर ती खोल वाट समजावी. टोक वरच्या अंगाला असेल तर तेथे खडक दडलेला असतो.

खडकाच्या मागे, म्हणजे खालच्या अंगाला, पाणी संथ असते किंवा उलट दिशेने फिरते. या पट्ट्याला ‘एडी’ म्हणतात. चालकासाठी एडी म्हणजे विसाव्याची व पुढची वाट न्याहाळण्याची जागा. मुख्य प्रवाह व एडी यांच्या सीमारेषेवर दोन विरुद्ध गती भेटतात. नवशिक्यांच्या नावा बहुधा येथेच उलटतात.

मूलभूत हालचाली

एडीत शिरताना पुरेसा वेग घेऊन, साधारण ४५ अंशांच्या कोनात सीमारेषा ओलांडतात. नाळ संथ पाण्यात आणि मागचे टोक प्रवाहात असल्याने पाणीच नावेला फिरवते. सायकल वळणावर आत झुकते तशी नाव वळणाच्या आतल्या बाजूला कलवावी लागते. एडीतून बाहेर पडताना आतली बाजू म्हणजे प्रवाहाची खालची बाजू होय. घाबरलेला नवशिका येणाऱ्या पाण्याकडे झुकतो. तसे झाल्यास पाणी वरच्या कडेवर चढते आणि नाव क्षणात उलटते.

प्रवाहात खाली न वाहता आडवे पार जाण्यास ‘फेरी’ म्हणतात. नाळ वरच्या अंगाला ठेवून नाव थोडी इच्छित काठाकडे वळवतात. समजा, प्रवाहाचा वेग सेकंदाला १.२ मीटर आणि स्थिर पाण्यातील नावेचा वेग १.५ मीटर आहे. नाव प्रवाहाच्या रेषेशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून चालवल्यास तिच्या वेगातील १.२ मीटरचा घटक प्रवाहाला तोलून धरतो व ०.९ मीटरचा घटक तिला पलीकडे नेतो. १८ मीटर रुंदीचे पाणी त्यामुळे २० सेकंदांत सरळ पार होते. प्रवाह जितका वेगवान, तितका हा कोन लहान ठेवावा लागतो.

सुरक्षितता

प्रवाहाचा वेग दुप्पट झाल्यास अडलेल्या वस्तूवरील त्याचा दाब सुमारे चौपट होतो. पाण्याने भरलेल्या नावेचे वजन शेकडो किलोग्रॅम होते. म्हणून पाण्यात पडलेल्या व्यक्तीने नाव व खडक यांच्यामध्ये सापडू नये, नावेच्या वरच्या अंगाला राहावे. तिने पाठीवर तरंगावे, पाय पुढे व पृष्ठभागाजवळ ठेवावेत. वेगवान पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न घातक ठरू शकतो, कारण तळाच्या दगडांत पाऊल अडकल्यास प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

नाव आडवी होऊन खडकावर आदळणार असेल तर खडकाकडे झुकावे, त्यापासून दूर नव्हे. पाण्यात पडलेली झाडे विशेष धोकादायक असतात. फांद्यांतून पाणी जाते, माणूस अडकतो. बुटक्या बंधाऱ्यांखालील गोल फिरणारे पाणीही पोहणाऱ्याला वारंवार आत ओढते. तरंगजाकीट, शिरस्त्राण आणि जाणकार सोबती यांशिवाय सराव करू नये.

प्रशिक्षणाचा क्रम

द्रुतवाहांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी पहिल्यापासून सहाव्या श्रेणीपर्यंत आहे. फटक्यांचा सराव स्थिर पाण्यात, प्रवाहाची ओळख पहिल्या श्रेणीत व त्यानंतर दुसऱ्या श्रेणीत प्रवेश, असा क्रम योग्य ठरतो. भीतीच्या क्षणी नावेच्या कडा घट्ट धरणे, उलट्या बाजूला झुकणे आणि पाण्यात उभे राहणे या तिन्ही स्वाभाविक प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. त्यांच्या जागी योग्य सवयी रुजवण्यासाठी उथळ खडक नसलेल्या, खाली संथ डोह असलेल्या जागी मुद्दाम नाव उलटवूनही सराव करतात.

स्पर्धा

कनू स्लॅलम हा खेळ १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये प्रथम समाविष्ट झाला आणि १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून तो नियमित खेळला जातो. महिलांची एकल कनू स्पर्धा टोकियो २०२० ऑलिंपिकमध्ये सुरू झाली. तिचे पहिले सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्स यांनी जिंकले. या खेळात हिरवी दारे प्रवाहाच्या दिशेने आणि लाल दारे प्रवाहाविरुद्ध पार करावी लागतात. दाराला स्पर्श झाल्यास २ सेकंदांचा व दार चुकल्यास ५० सेकंदांचा दंड होतो. लाल दारे बहुधा एडीत टांगलेली असतात. त्यामुळे नवशिका ज्या वळणाने शिकायला सुरुवात करतो, तेच वळण ऑलिंपिकमध्येही निर्णायक ठरते.