क्रीडांगणावरील नम्रता

गेल्या हिवाळ्यांत आमच्या अकोल्यांत मुलांचे कबड्डीचे सामने झाले. माझ्या नातवाचा संघ दोन गुणांनीं हरला. जिंकणाऱ्यांशीं हस्तांदोलनही न करतां तो रुसून घरीं आला. वडील मंडळींनीं त्याची समजूत घातली ती अशी : "तूं तुझें काम चोख केलेंस, दोष इतरांचा." तें सांत्वन ऐकून मला पराजयाहून अधिक वाईट वाटलें.

स्पर्धा आणि नम्रता यांचें जमावें कसें? ख्रिस्ती धर्मांत नम्रतेस मोठा मान आहे. येशूनें स्वतः शिष्यांचे पाय धुतले. तथापि त्याच धर्माच्या पौलानें करिंथकरांस लिहितांना शर्यतींत धांवणाऱ्याचा दृष्टांत घेतला. तेव्हां जिंकण्यासाठीं झटणें हा दोष नव्हे. झटून झाल्यावर मान कशी ठेवावी, हा खरा प्रश्न.

त्याचें उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत सांपडतें. विजय हजारे १९१५ सालीं सांगलीस एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरीं जन्मले. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत त्या काळीं धर्मवार संघ असत. ख्रिस्ती असल्यामुळें हजारे 'रेस्ट' म्हणजे इतरेजनांच्या संघांतून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यांत हिंदु संघाच्या विजय मर्चंट ह्यांनीं नाबाद २५० धावा केल्या. 'रेस्ट'चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावांत ३८७ झाल्या. पैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! तरीही सामना एक डाव व ६१ धावांनीं गेला. 'दोष इतरांचा' असें म्हणावयास याहून सबळ निमित्त कोणास मिळणार?

परंतु त्याच डावांतील दुसरा आंकडा पाहावा. सहाव्या जोडीनें ३०० धावांची भर घातली. जोडीदार होते बंधु विवेक, आणि त्यांच्या धावा अवघ्या २१. दुसरें टोंक त्यांनीं धरलें नसतें, तर ३०९ कोठून होत्या? हजारे पुढें भारताचे कर्णधार झाले. १९५२ मध्यें मद्रासेस भारतानें पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच नेतृत्वाखालीं. त्या सामन्यांत विनू मंकड ह्यांनीं बारा गडी बाद केले. एवढें यश पाहूनही हजाऱ्यांची ख्याति लाजाळू व मितभाषी गृहस्थ अशीच राहिली. २००४ सालीं ते निवर्तले.

मी नातवास प्रवराकांठीं अगस्ति ऋषींच्या आश्रमांत नेलें. मेरूच्या ईर्ष्येनें वाढत जाऊन सूर्याचा मार्ग अडविणारा विंध्य अगस्तींपुढें वांकला, ही कथा सांगितली. तो म्हणाला, "आजोबा, मग विंध्य लहानच झाला कीं!" मी म्हटलें, "झाला खरा. पण इतरांची वाट मोकळी झाली." तो बोलला नाहीं, दुसऱ्या दिवशीं मात्र विजयी संघाच्या नायकास भेटून आला.

मूल खेळून घरीं आलें म्हणजे 'तुझे गुण किती?' हें आपण विचारतोंच. 'तुझ्या जोडीला कोण होतें?' हेंही विचारावें, इतकीच वाचकांस विनंति.